मुंबईत निसर्गाचे फोटो: कोणाचं काम पाहावं, कुठं जावं, काय टाळावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी मुलुंडला राहते. रविवारी सकाळी आमची सात-आठ जणांची टोळी कॅमेरे आणि दुर्बिणी घेऊन कुठेतरी जाते, आणि सोमवारपासून मला मेसेज सुरू होतात. बहुतेक प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाचे इथे लिहून ठेवले. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय.

१. निसर्गाचे फोटो बघायची आवड आहे, पण फॉलो करायला गेलं की नुसते वाघच दिसतात. सुरुवात कोणापासून करू?

वाघापासून करू नका. ताडोब्याच्या जिप्सीतून काढलेले वाघाचे शंभर फोटो पाहिलेत तरी तुमच्या खिडकीबाहेरच्या आंब्यावर काय चाललंय ते कळणार नाही. मी नव्या माणसाला एकच सांगते: तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर फोटो काढणारा माणूस शोधा. तोही एकाच जागी वर्षभर पुन्हा पुन्हा जाणारा हवा. त्याच्या फोटोत जो दयाळ गातोय तो तुम्हालाही ऐकू येतो. त्याने टिपलेलं फुलपाखरू पुढच्या रविवारी तुम्ही शोधू शकता. बघण्याची सवय लागते ती अशी. वाघ नंतर बघा, ते काही पळून जात नाहीत.

२. पण चांगलं काम ओळखायचं कसं? मला तर सगळेच फोटो भारी वाटतात.

फोटोवर बोट ठेवून झाका आणि खालचा मजकूर वाचा. हसू नका, खरंच करून बघा.

समजा भोरड्यांच्या, म्हणजे गुलाबी मैनांच्या, थव्याचा फोटो आहे. एकाने खाली लिहिलंय, ‘निसर्गाची किमया! शुभ सकाळ.’ दुसऱ्याने लिहिलंय, ‘भोरड्या, पांगाऱ्यावर, मुलुंड पूर्व, २६ फेब्रुवारी, सकाळी ७.१० ते ७.४०. कावळा आला की सगळ्या उडत होत्या, पाच मिनिटांत परत. गेल्या वर्षी याच झाडावर मार्च उजाडल्यावर दिसल्या होत्या.’ दुसऱ्याचा फोटो थोडा हललेला असला तरी चालेल, मी त्यालाच फॉलो करेन. त्याच्याकडे तारीख आहे, जागा आहे, झाड आहे आणि गेल्या वर्षीची आठवण आहे. पहिल्याकडे फक्त लेन्स आहे.

आणखी एक खूण म्हणजे चुका. ‘काल ज्याला शिक्रा म्हटलं तो शिक्रा नव्हता’ असं उघड लिहिणारा माणूस सहसा भरवशाचा निघतो. ज्याच्या पानावर वर्षानुवर्षं एकही दुरुस्ती नाही, त्याच्याबद्दल मला जरा शंकाच येते. हा माझा पूर्वग्रह असेल, पण आजवर फारसा चुकलेला नाही.

३. ते ठीक, पण नावं सांगा ना. मुंबईपुरती.

व्यक्तींमध्ये दोन नावं सांगते, दोघांचंही काम जाहीर आणि गाजलेलं. नयन खानोलकरांनी आरे कॉलनीतल्या वारली पाड्यात, घरांमधल्या चिंचोळ्या बोळातून चाललेल्या बिबट्याचा फोटो काढला. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१६ साली त्याला शहरी विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं. तो फोटो सावकाश बघा. बिबट्या घाबरलेला नाही, डरकाळी फोडत नाही, घरी परत चालल्यासारखा चाललाय. वाघोबाला देव मानणाऱ्या वारल्यांच्या पाड्यातला हा फोटो आहे, हे कळलं की तो आणखी उलगडतो. दुसरं नाव पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांचं. काजव्यांनी लखलखलेल्या झाडाच्या त्यांच्या फोटोला २०२०मध्ये त्याच स्पर्धेत विशेष उल्लेख मिळाला.

संस्थांमध्ये बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. १८८३ची संस्था, फोर्टात लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस. निसर्गफेऱ्या काढतात, व्याख्यानं ठेवतात. ‘सँक्चुअरी एशिया’ हे मासिक १९८१पासून मुंबईतूनच निघतं आणि त्यांची छायाचित्रांची स्पर्धा दरवर्षी होते. निकाल लागले की विजेत्यांची नावं घेऊन एकेकाचं बाकीचं काम शोधत बसायचं, दिवाळीचा फराळ पुरतो तसं ते मला दोन आठवडे पुरतं. समुद्रासाठी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’. २०१७मध्ये सुरू झालेला हा गट ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फेऱ्या काढतो. हाजी अलीच्या खडकांत समुद्रफुलं आणि ऑक्टोपस असतात, हे मला चाळिशी उलटल्यावर यांच्यामुळे कळलं. तोवर हाजी अली म्हणजे ज्यूस सेंटर.

४. मराठीत काही आहे का? इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपच्या सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत दाखवायची सोय आहे, आधी ती चालू करा. तांबट, खंड्या, शिंजीर, वंचक, नाचण ही नावं एकदा तोंडात बसली की पक्षी लवकर ओळखता येतात, कारण बऱ्याच नावांत पक्ष्याची लकबच सांगितलेली असते. तांबट खरोखर तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा टुक टुक करतो.

मराठीतलं ताजं लेखन आणि फोटो एकगठ्ठा हवे असतील तर ५ ते १२ नोव्हेंबरला लक्ष ठेवा. तो महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात गावोगावचे शिक्षक, वनरक्षक, पक्षीमित्र भरभरून लिहितात. त्यातले आवडलेले चार-पाच जण तिथल्या तिथे फॉलो करून टाका, नंतर सापडत नाहीत.

५. इंस्टाग्रामवर आवडलेली माणसं दोन दिवसांत गायब होतात, रील्सच समोर येतात. उपाय?

ज्यांचे स्वतःचे ब्लॉग आहेत त्यांच्यासाठी आरएसएस रीडर नावाचं ॲप वापरा. नवीन काही लिहिलं की थेट तिथे येतं, मधे कोणी ठरवणारा नाही. बाकीच्यांसाठी इंस्टाग्राममध्ये ‘फेव्हरिट्स’ची यादी करा. आणि वीसपेक्षा जास्त माणसं नकोत. मी एकदा चारशेच्या वर गेले होते आणि त्या वर्षी एकाही पक्ष्याचं नाव नव्यानं शिकले नाही.

६. मोबाइलवर बघून कंटाळा आला. मोठ्या आकारात छापलेले फोटो कुठे बघायला मिळतील?

नरीमन पॉइंटला एनसीपीएमधली पिरामल गॅलरी छायाचित्रांसाठीच आहे. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत अधूनमधून वन्यजीवांची प्रदर्शनं लागतात आणि आत जायला पैसे पडत नाहीत. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही १९३७ची मुंबईतली जुनी संस्था, तिच्याही कार्यक्रमांवर नजर ठेवा. फोटोग्राफर तिथेच उभा असेल तर खुशाल प्रश्न विचारा. ‘कोणता कॅमेरा?’ एवढंच विचारून निघू नका, ‘किती वेळ थांबलात?’ हे विचारा. माणूस खुलतो.

७. आता स्वतः काढायचे आहेत. मुंबईत जायचं कुठे?

पहिली जागा तुमची खिडकी. चेष्टा नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या ग्रिलमधून समोरच्या इमारतीचा एसीचा डबा दिसतो. एका दुपारी त्यावर शिक्रा कबुतर घेऊन बसला होता. वीस मिनिटं पिसं काढत होता, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर ती पिसं पडत होती. त्या वर्षातला तो माझा सगळ्यात चांगला फोटो, आणि मी गाउनमध्ये होते.

बाहेर पडायचं तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. शंभरावर चौरस किलोमीटरचं जंगल, लोकलने जाता येतं, सोमवारी बंद. सकाळी जितक्या लवकर आत शिराल तितकं बरं. नऊनंतर कान्हेरीला जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. धारावीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, कचऱ्याच्या डेपोवर उभं केलेलं रान. कीटक आणि कोळ्यांसाठी उत्तम. फुलपाखरांसाठी ठाण्यात घोडबंदर रोडला ओवळेकर वाडी, पावसाळा ओसरताना. ती रविवारी सकाळी उघडते, पण निघण्याआधी चौकशी करा. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला खाडीकाठचे पक्षी, आणि तिथले डासही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

एक दिवस मोकळा असेल तर कर्नाळा. फ्लेमिंगोंचा प्रश्न वेगळा घेतलाय, खाली बघा.

८. ताई, शिवडीला गेलो, दोन तास उभा राहिलो, एकही फ्लेमिंगो नाही! फसवलंत.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिलं होतंत का? हा प्रश्न विचारणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी पाहिलेलं नसतं.

फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, चिखलात चोच उलटी घालून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पूर्ण भरतीत चिखल पाण्याखाली जातो, मग ते दुसरीकडे उडून बसतात. पूर्ण ओहोटीत चिखल इतका लांबवर उघडा पडतो की थवा क्षितिजावर गुलाबी रेघ होऊन राहतो. हवी असते ती मधली वेळ. पाणी चढत असताना ते पक्ष्यांना तुमच्या दिशेने ढकलत आणतं. चढतं पाणी आणि सूर्य तुमच्या पाठीशी, असा दिवस वेळापत्रकात शोधून निघायचं. शिवडीला किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि दुपारनंतर पाठीशी जातं. हे गणित जमलं की जुन्या फोनमध्येही फोटो येतो.

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते मे, पण मला जानेवारीनंतरचे दिवस आवडतात, तेव्हा रंग चढलेला असतो. शिवाय, नाव शिवडीचं असलं तरी आता नुसतं शिवडी धरून बसू नका. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, २०२२मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे बोटीने नेतात. बोटही भरतीवर अवलंबून असते, म्हणून आधी फोन करा. नेरुळच्या डीपीएस तलावावरही हे पक्षी येतात.

९. कॅमेरा नाही, फक्त फोन आहे. जमेल?

पक्षी विसरा, किडे-कोळी धरा. तीन-चारशे रुपयांची मॅक्रो क्लिप (छोटं भिंग) फोनला लावली की झाडावरच्या उंबील मुंग्यांचं घर बघण्यासारखं दिसतं: एक रांग पानाची कड ओढून धरते आणि दुसऱ्या मुंग्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात. फार जवळ जाऊ नका, चावतात. श्वास रोखा, कोपर पोटाला टेकवा, दहा फोटो काढा, एक ठेवा. ओहोटीच्या डबक्यांसाठीही फोन पुरतो.

कॅमेरा घ्यायचाच झाला तर आधी बोरा बाजारात जाऊन सेकंडहँड बघा. नवा कॅमेरा आणि स्वस्त लेन्स घेण्यापेक्षा जुना कॅमेरा आणि बरी लेन्स परवडते. उडता पक्षी पकडायला शटर १/१६००च्या आसपास ठेवा. बाकी सेटिंगवर मी वाद घालत नाही.

१०. पावसाळ्यानंतर लेन्समध्ये पांढरी जाळी दिसतेय. धूळ असेल ना?

कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर ती बुरशी. मुंबईत हिने भल्याभल्यांच्या लेन्सा खाल्ल्यात, माझी ७०-३०० त्यातलीच. ती लेन्स मी कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवली होती. कातडं आणि बंद कपाट म्हणजे बुरशीला आमंत्रण.

लगेच साफ करायला द्या. जास्त दिवस राहिली तर काचेवरचा लेप खाते आणि मग डाग जात नाही. पुढच्या वेळी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून त्यात लेन्स ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं, पण तो तवा पोळ्यांना नको. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक टाका, चाळीस ते पन्नास टक्के ठीक. आणि लेन्स वापरा. उन्हावाऱ्यात फिरणाऱ्या लेन्सला बुरशी क्वचित लागते.

११. फोटो काढला, पण हे आहे काय? कोणाला विचारू?

आयनॅचरलिस्टवर टाका. ॲप अंदाज सांगतं, मग जाणकार माणसं तो तपासतात. अंदाजावर लगेच विश्वास ठेवू नका, पतंगांच्या बाबतीत ते हमखास गडबडतं. फुलपाखरांसाठी ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ सगळ्यात भरवशाचं, आणि तिथले फोटो कसे काढलेत हे बघणं हाही एक अभ्यासच. पक्ष्याचा आवाज असेल तर मर्लिन हे ॲप. एक फायदा असाही, की या ठिकाणी तुमची ओळख दुरुस्त करणारी माणसंच पुढे फॉलो करण्यासारखी निघतात. मला माझे तीन गुरू असेच मिळाले.

१२. आमच्या भागात घुबडाचं घरटं आहे. जागेसकट टाकू का? प्रश्न २ मध्ये तुम्हीच जागा लिहा म्हणालात.

नाही. घरटं, दिवसा विश्रांतीला बसलेलं घुबड, साप आणि दुर्मीळ काहीही असेल तर जागा लिहायची नाही. ‘पूर्व उपनगर’ एवढं पुरे. भोरड्यांच्या थव्याचं चालतं, कारण त्या थोड्या वेळात उडून जातात. घरट्यातली पिल्लं कुठे जाणार?

हे मी चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी एका जुन्या चाळीच्या भिंतीच्या भोकातली पिंगळ्याची जोडी मी गल्लीच्या नावासकट टाकली. पुढच्या रविवारी तिथे चौदा जण ट्रायपॉड लावून उभे. कोणीतरी पक्षी बाहेर यावा म्हणून टाळ्या वाजवत होतं. चाळीतल्या आजी मला म्हणाल्या, ‘बाई, तुझ्यामुळे आमची लक्ष्मी गेली.’ महिनाभरात जोडी दिसेनाशी झाली. पोस्ट काढून टाकली, पण उशीर झाला होता.

आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकटीत धूसर करतं. पिंगळा तसा धोक्यातला नाही, त्यामुळे तिथे ते तुम्हाला स्वतः करावं लागतं.

१३. पानाची छत्री धरलेला बेडूक, गोगलगायीवर बसलेला सरडा... हे फोटो खरे असतात?

बहुतेक वेळा मांडलेले. पाळीव प्राणी, कधी दोऱ्याने बांधलेले, कधी थंड करून सुस्त केलेले. आता त्यात एआयची भर पडलीय. नियम सोपा: प्राणी माणसासारखं काही करत असेल तर थांबा आणि प्रश्न २ची परीक्षा लावा. तारीख, जागा, प्रसंग सापडतो का?

मोठ्या स्पर्धाही फसल्यात. प्रश्न ३ मधल्या लंडनच्या स्पर्धेत २००९चा विजेता कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो होता. लांडगा माणसाळलेला असावा असं परीक्षकांना वाटलं आणि बक्षीस काढून घेतलं. २०१७मध्ये रात्री वारुळाकडे आलेल्या मुंगीखाऊचा फोटो जिंकला. तो प्राणी पेंढा भरलेला असावा म्हणून पुढच्या वर्षी बाद झाला. तेव्हा तुम्ही-आम्ही फसलो तर लाज वाटायला नको. कळल्यावरही शेअर केला तर वाटावी.

१४. खाऊ टाकला तर कुरव पक्षी (सीगल) अगदी जवळ येतात. सगळेच टाकतात. त्यात काय बिघडलं?

शेव-गाठी हे कुरवांचं खाणं नाही. मीठ, तेल, बेसन. फोटोही सगळ्यांचा एकसारखाच येतो: पसरलेले पंख, उघडी चोच आणि कोपऱ्यात कोणाची तरी बोटं. माझ्या यादीतून माणूस काढायला मला एवढं कारण पुरतं.

१५. एका फोटोग्राफी फेरीत म्होरक्याने मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून पक्षी समोर आणला. हे चालतं का? अभ्यासकही वाजवतात ना?

अभ्यासक गणनेसाठी ठरलेल्या पद्धतीने, मोजका वेळ वाजवतात. फेरीत तसं नसतं. विणीच्या काळात नराला वाटतं दुसरा नर घुसला. तो खाणं आणि पिल्लं सोडून भांडायला येतो आणि आपण म्हणतो ‘काय पोज दिली!’ मी पैसे भरून गेलेल्या एका फेरीत स्वर्गीय नर्तकाला पाऊण तास असं नाचवलं. मी निघून आले, पैसे मागितले नाहीत. ते मागायला हवे होते असं अजून वाटतं. पैसे भरण्याआधीच विचारा: ‘आवाज वाजवता का? घरट्यावर नेता का?’ उत्तर देताना घुटमळले तर जाऊ नका.

१६. ड्रोनने खाडीचे फोटो काढले तर?

मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. शिवाय ड्रोन पाहून थवा उठतो. नकोच.

१७. माझा फोटो दुसऱ्याने स्वतःच्या नावावर टाकलाय.

भारतीय स्वामित्व हक्क कायदा १९५७चा. फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. मूळ फाइल जपा, विशेषतः कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली रॉ फाइल; तोच पुरावा. आधी साधा मेसेज करा, मग त्या ॲपवर तक्रार. नोकरीत किंवा कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचं गणित वेगळं असतं, तिथे आधी करार वाचा.

१८. सोसायटीच्या आवारात रात्री बिबट्या दिसला. व्हिडिओ आहे. टाकू?

आधी वनखात्याला कळवा, महाराष्ट्र वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६. त्याच्यामागे पळू नका, गेट अडवू नका, टॉर्च मारू नका. वाट मोकळी मिळाली तर बहुतेक वेळा तो आल्या वाटेने जातो. व्हिडिओ वनखात्याला द्या. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलात तर अर्ध्या तासात तो तीन उपनगरांत ‘आत्ता, इथेच’ म्हणून फिरतो आणि खाली शंभर माणसं जमतात.

आठवड्याने, जागेचं नाव न घालता टाका. आणि त्याआधी प्रश्न ३ मधला आरेचा फोटो पुन्हा एकदा बघा, बिबट्या तिथे कसा चाललाय ते.